हर्गेसातली पाटी

२६ जून १९६० ला आफ्रिकेच्या पूर्व टोकाशी असलेलं ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झालं आणि १ जुलै १९६० ला ते नाहीसं झालं. पाच दिवसांचा देश. मोहम्मद हाजी इब्राहिम एगाल त्याचे पंतप्रधान होते, देशोदेशींहून अभिनंदनाचे संदेश येत होते, आणि तेवढ्यात या देशाने आपणहून स्वतःला दक्षिणेच्या इटालियन सोमालियात मिळवून टाकलं. जिथे जिथे सोमाली माणूस राहतो तो सगळा मुलूख एका झेंड्याखाली यावा, अशी तेव्हा हवा होती. उत्तरेतल्या हर्गेसा शहराचं राजधानीपण गेलं. सत्ता दक्षिणेतल्या मोगादिशूला, नोकऱ्या मोगादिशूला. वर्षभरात उत्तरेतल्या लोकांनी नव्या राज्यघटनेकडे पाठ फिरवली आणि डिसेंबर १९६१ मध्ये तिथल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव करून पाहिला. तो फसला.

त्या विलीनीकरणाला बरोबर साठ वर्षं झाली त्या दिवशी, म्हणजे १ जुलै २०२० ला, तैपेईमध्ये तैवानचे परराष्ट्रमंत्री जोसेफ वू यांनी जाहीर केलं की तैवान आणि सोमालीलँड एकमेकांकडे प्रतिनिधी कार्यालयं उघडणार आहेत. करार फेब्रुवारीतच झाला होता, गाजावाजा न करता. १७ ऑगस्टला हर्गेसात तैवानचं कार्यालय उघडलं, ९ सप्टेंबरला तैपेईत सोमालीलँडचं.

आपल्याकडे या बातमीला फारसं कुणी विचारलं नाही, आणि ते साहजिकही होतं. टाळेबंदीचे दिवस होते, गलवान होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. मी मात्र त्या बातमीशी अडकून पडले. जगाने ज्यांना देश म्हणायचं नाकारलं आहे, असे दोघे एकमेकांच्या दाराला पाटी लावत होते. याचा उपयोग काय, हा प्रश्न कुणीही विचारील. मीही तोच घेऊन वाचत सुटले, आणि वाचता वाचता या मैत्रीबद्दल मला मनापासून आदर वाटू लागला.

आधी पाटीबद्दलच सांगते. जगातल्या बहुतेक राजधान्यांत तैवानची जी कार्यालयं आहेत, त्यांच्या नावात तैवान नाही. तिथे लिहिलेलं असतं ‘तैपेई’, आणि पुढे आर्थिक, सांस्कृतिक वगैरे. व्हिसा तिथेच मिळतो, राजदूताचं सगळं काम तिथेच चालतं, फक्त देशाचं नाव तेवढं लिहायचं नाही. हा चीनचा आग्रह आणि बाकी सगळ्यांची तडजोड. दिल्लीत १९९५ पासून आहे ते ‘तैपेई’चं केंद्र, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या मुंबईत सुरू झालं तेही ‘तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर’च. हर्गेसात मात्र पाटीवर सरळ ‘तैवान’ लिहिलं गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये लिथुआनियाने तैवानचं नाव असलेली पाटी लावू दिली, तेव्हा चीनने त्या देशाशी संबंधांचा दर्जा खाली आणला आणि त्याच्या मालाची वाट अडवली. युरोपीय संघाचा सदस्य असलेल्या देशाची ही गत. सोमालीलँडच्या पाठीशी तर कुणीच नव्हतं.

हे दोघे इथवर आले कसे?

तैवानची गोष्ट आपल्याला साधारण माहीत असते. १९४९ मध्ये यादवी युद्ध हरून च्यांग कै-शेक त्या बेटावर गेले आणि सगळ्या चीनचं सरकार आपणच, असं म्हणत राहिले. संयुक्त राष्ट्रांतली चीनची खुर्ची २५ ऑक्टोबर १९७१ पर्यंत त्यांच्याकडे होती. त्या दिवशी ठराव क्रमांक २७५८ आमसभेत ७६ विरुद्ध ३५ मतांनी संमत झाला, बीजिंग आत आलं आणि तैपेई बाहेर गेलं. भारताचं मत ठरावाच्या बाजूने होतं. खुर्चीचा त्या वेळचा न्याय पाहिला तर ते मत चूक होतं, असं मी म्हणणार नाही. बेटावर बसून अख्ख्या चीनच्या नावाने बोलण्यात अर्थ नव्हताच. पण त्या ठरावात बेटावरच्या माणसांचं पुढे काय, याबद्दल एक ओळ नाही. ती माणसं त्यानंतर बदलली. १९८७ मध्ये मार्शल लॉ उठला, १९९६ मध्ये लोकांनी पहिल्यांदा थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडला. पण दार बंद झालं ते झालंच. ऑलिंपिकला ‘चायनीज तैपेई’ म्हणून जायचं. जागतिक आरोग्य सभेत २००९ ते २०१६ निरीक्षक म्हणून बसू दिलं, पुढे तेही बंद.

सोमालीलँडची गोष्ट जास्त रक्ताळलेली आहे. १९८८ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बर्रे याच्या राजवटीने उत्तरेतलं बंड मोडायला हर्गेसावर बॉम्ब टाकले. ती विमानं हर्गेसाच्याच विमानतळावरून उडायची, शहरावर बॉम्ब टाकायची आणि परत त्याच धावपट्टीवर उतरायची. शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला, हजारो माणसं मेली, लाखो इथिओपियाच्या वाळवंटी छावण्यांत गेली. आज शहराच्या मध्यभागी बर्रेच्या हवाई दलाचं एक मिग विमान उंच चौथऱ्यावर बसवलेलं आहे. त्याखालून रोजची रहदारी जाते. जवळच रस्त्याच्या कडेला सराफ नोटांच्या थप्प्या विटांसारख्या रचून बसलेले असतात. सोमालीलँड शिलिंग हे त्यांचं स्वतःचं, १९९४ पासूनचं चलन, आणि ते इतकं हलकं की थोड्या डॉलरांच्या बदल्यात पिशवीभर नोटा मिळतात. त्या थप्प्यांपाशी पहारेकरी नसतो. मोगादिशूबद्दल जे ऐकत आपण मोठे झालो, त्यापुढे हे चित्र ठेवून पाहावं.

१८ मे १९९१ ला त्यांनी पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केलं, १९६० च्याच जुन्या सीमांत. जगाने मान डोलावली नाही. आफ्रिकेत सीमांना हात लावला की सगळा खंड पेटेल, ही आफ्रिकी संघटनेची जुनी भीती. खरं तर हे लोक वसाहतीच्या काळातली सीमाच परत मागत होते, पण ते ऐकायला कुणी बसलं नाही. मान्यता नाही म्हणून जागतिक बँकेचं कर्ज नाही, नाणेनिधी नाही. मग त्यांनी काय केलं? १९९३ मध्ये बोरामा गावात कुळाकुळांचे वडीलधारे महिनोन् महिने बसले. भांडणं मिटवली, शस्त्रं खाली ठेवायचं ठरवलं, वडीलधाऱ्यांचं वेगळं सभागृह ठेवलं आणि राष्ट्राध्यक्ष निवडला. निवड झाली ती त्याच एगाल यांची, पाच दिवसांच्या पंतप्रधानांची. मधल्या काळात त्यांनी बर्रेच्या तुरुंगात वर्षानुवर्षं काढली होती. २००३ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपद अवघ्या ८० मतांनी ठरलं. ऐंशी! हरलेल्या उमेदवाराने तक्रार केली, न्यायालयात गेला, निकाल विरोधात गेला तो मानला, आणि २०१० मध्ये तोच निवडून आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष हरले आणि पायउतार झाले. शेजारच्या किती मान्यताप्राप्त देशांत हे घडतं, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता आपल्या बाजूचा एक धागा. १८८४ नंतर बर्बरा आणि झैला हा सोमालीलँडचा किनारा इंग्रजांनी घेतला तो एडनच्या छावणीला मटण पुरवायला, आणि एडन तेव्हा मुंबई सरकारच्या हाताखाली होतं. १८९८ पर्यंत या किनाऱ्याचा कारभार असा हिंदुस्थान सरकारकडेच होता, आणि पुढेही कित्येक वर्षं तिथल्या बाजारात आपला रुपया चालत होता. फोर्टातल्या कुठल्याशा कचेरीत बर्बऱ्याच्या मेंढ्यांचे कागद येत असणार. आज त्याच बर्बरा बंदरातून हजच्या हंगामात शेळ्यामेंढ्यांनी भरलेली जहाजं सौदीला जातात. सौदीने रोगाच्या कारणावरून २००० ते २००९ ही आयात बंद ठेवली, तेव्हा त्या देशाची चूल कशी पेटली असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मान्यता नसलेला देश तक्रार तरी कुठे करणार.

आपल्याकडे गावाने घर वाळीत टाकलं की त्याच्याशी बोलणाऱ्यालाही दंड बसायचा. त्यामुळे वाळीत पडलेली दोन घरं शेजारी असली तरी एकमेकांकडे जायला धजत नसत, आपला गुन्हा वाढेल म्हणून. देशांचंही असंच होतं. बहिष्कृत देश सहसा मोठ्याच्या दाराशी जातो, दुसऱ्या बहिष्कृताकडे नाही. तैवानने सोमालीलँडकडे जाण्यात धोका होता, मिळकत नव्हती.

माझ्या आदराचं खरं कारण इथे आहे. २०२४ च्या जानेवारीत नाऊरूने तैवानची साथ सोडली, तैवानच्या निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी, आणि तैवानला राजनैतिक मान्यता देणारे बाराच उरले. ते म्हणजे पॅराग्वे, ग्वाटेमाला, बेलीझ, हैती, कॅरिबियनमधली आणि प्रशांत महासागरातली काही बेटं, आफ्रिकेतलं एकटं एस्वातिनी आणि व्हॅटिकन. यांतल्या बहुतेकांना संयुक्त राष्ट्रांत मत आहे, आणि ते दरवर्षी उभे राहून तैवानच्या बाजूने दोन वाक्यं बोलू शकतात. या मैत्रीत त्या मताचा वाटा असतो, हे कुणी लपवत नाही. तैवानने १९६० च्या दशकापासून आफ्रिकेत भातशेती शिकवणारी पथकं पाठवली ती याच हिशेबाने. नाऊरूने तर बाजू दोनदा बदलून पाहिली होती, आणि २००९ मध्ये जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझियाला मान्यता दिली तेव्हा रशियाची मदत त्यामागे असल्याचं उघड बोललं गेलं. मान्यता विकत मिळते, फक्त भाव ठरायचा असतो.

सोमालीलँडकडे विकायला मतच नाही. ते संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत तैवानसाठी एक शब्द बोलू शकत नाहीत, कारण तेच बाहेर उभे आहेत. तैवाननेही त्यांना रीतसर मान्यता दिलेली नाही, आणि त्यांनीही तैवानला नाही. दोघांत राजदूत नाहीत, ‘प्रतिनिधी’ आहेत. आणि तरी कामं चालू आहेत. हर्गेसाच्या रुग्णालयात तैवानचं वैद्यकीय पथक काम करतं. मुलं शिष्यवृत्तीवर तैवानला शिकायला जातात. जानेवारी २०२२ मध्ये तैवानने स्वतः बनवलेल्या लशीचे दीड लाख डोस पाठवले. त्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेचा शिक्का नव्हता, तैवानलाच त्या संघटनेत जागा नव्हती. जुलै २०२५ मध्ये सोमालीलँडचे परराष्ट्रमंत्री तैपेईला गेले आणि तटरक्षक दलांच्या सहकार्याचा करार झाला.

स्वार्थ नाही असं नाही. एडनच्या आखातावर बर्बरा बसलं आहे, पलीकडे जिबूतीत २०१७ पासून चिनी नौदलाचा तळ आहे, जमिनीखाली तेल असेल अशी आशा आहे आणि तैवानच्या तेल कंपनीने तिथे हिस्सा घेतला आहे. पण स्वार्थच पाहायचा तर चीनकडून जास्त मिळालं असतं. ऑगस्ट २०२० मध्ये मोगादिशूतले चिनी राजदूत हर्गेसाला येऊन राष्ट्राध्यक्षांना भेटले. रस्ते, विमानतळ अशा देकारांच्या बातम्या आल्या. हर्गेसाने कार्यालय बंद केलं नाही. ज्यांचा वर्षाचा अर्थसंकल्प आपल्या एखाद्या महापालिकेपुढेही चिमुकला दिसेल, त्यांनी दिलेला हा नकार आहे.

माझी भाची तैवानमध्ये शिंचूला पीएच.डी. करते. तिच्या ओळखीत हर्गेसाची एक मुलगी आहे, शिष्यवृत्तीवर आलेली. एकदा तिघी मैत्रिणी, ती, एक तैवानी आणि आमची, एका परदेशी परिषदेसाठी ऑनलाइन नोंदणी करत बसल्या होत्या. फॉर्ममध्ये देश निवडायचा असतो, यादी उघडते, तिथून. भाची मला फोनवर सांगत होती.

“मावशी, तिचा देश यादीत नव्हताच. एसमध्ये तीन वेळा वर-खाली केलं आम्ही.”

“मग काय केलं?”

“सोमालिया टाकलं शेवटी, फॉर्म पुढेच जाईना. आणि तैवान होतं, पण पुढे स्वल्पविराम देऊन ‘चीनचा प्रांत’. त्यावरून त्या दोघी जेवण होईस्तोवर बोलत होत्या. मी गप्प. इंडिया आपला आयमध्ये होता ना.”

‘चीनचा प्रांत’ हे त्या यादीत खरंच असतं. देशांच्या संकेतांची जी आंतरराष्ट्रीय यादी जगभरचे संगणक वापरतात, तिच्यात तैवान असंच लिहिलेलं आहे, संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीला धरून. ठराव २७५८ पन्नास वर्षांनी एका मुलीच्या लॅपटॉपवर असा उतरतो. आणि ज्या देशाच्या लष्कराने आपल्या आईवडिलांच्या शहरावर बॉम्ब टाकले, त्याचं नाव हर्गेसाच्या मुलीला स्वतःच्या नावापुढे लिहावं लागतं. ही गोष्ट ऐकल्यावर, या मैत्रीचा उपयोग काय हा प्रश्न मी विचारेनाशी झाले.

पण बहिष्कृतांची प्रत्येक मैत्री मला भावते असं नाही, आणि ते स्पष्ट म्हटलं पाहिजे. १९७६ साल घ्या. एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर इस्रायलला गेले. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या बाजूच्या संघटनेत असल्याबद्दल ज्याला स्थानबद्ध केलं होतं, तो माणूस याद वाशेमला, ज्यूंच्या संहाराच्या स्मारकाला भेट देऊन आला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिका आणि तैवान यांनी एकमेकांकडे राजदूत नेमले. तैवान तेव्हा मार्शल लॉखालीच होतं. जूनमध्ये सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या चालल्या. ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेने ट्रान्सकाय नावाचा ‘देश’ काढला, काळ्या माणसांचं नागरिकत्व काढून घेता यावं म्हणून. त्याला मान्यता दिली फक्त दक्षिण आफ्रिकेनेच, आणि मग असेच काढलेले पुढचे ‘देश’ एकमेकांना मान्यता देत बसले.

वरवर पाहिलं तर ते आणि हे सारखंच. म्हणून बहिष्कार कशाबद्दल पडला, हे मी आधी पाहते. वर्णभेदाच्या सरकारला जगाने त्याच्या कृत्यांबद्दल दूर केलं. भारताने १९४६ मध्येच व्यापार तोडला, तोडणारा पहिला देश आपला, आणि याचा मला आजही अभिमान आहे. तिथली मैत्री म्हणजे अत्याचार चालू ठेवायला मिळालेलं तेल आणि शस्त्रं. हर्गेसाच्या मुलीने मात्र काही केलेलं नाही. शिंचूच्या मुलीनेही नाही. त्या जिथे जन्मल्या त्या जागेचा ताबा कुणाचा, हे दुसऱ्यांनी ठरवलं आहे.

सोमालीलँड निर्मळ आहे असंही मी म्हणत नाही. २०२३ मध्ये लासअनोद शहरात तिथल्या लोकांनी सोमालीलँडमध्ये राहायला नकार दिला, तेव्हा हर्गेसाच्या सैन्याने त्या शहरावर तोफा डागल्या. रुग्णालयावरही गोळे पडले. हजारो माणसं घर सोडून गेली आणि ऑगस्टमध्ये सैन्याला मागे हटावं लागलं. ज्यांच्या चौकात ते मिग उभं आहे त्यांनी हे करावं, याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. स्वतःसाठी मागितलेला निवडीचा हक्क लासअनोदलाही आहे. तैवानने मित्र म्हणून हे त्यांना बोलून दाखवायला हवं होतं. उघडपणे तरी ते बोलल्याचं माझ्या वाचनात नाही.

एप्रिल २०२५ मध्ये मोगादिशूने तैवानी पासपोर्टवर देशात यायला आणि देशातून पुढे जायलाही बंदी केली, कारण दिलं ठराव २७५८ चं. आणि मग २६ डिसेंबर २०२५ ला इस्रायलने सोमालीलँडला मान्यता दिली. चौतीस वर्षांत संयुक्त राष्ट्रांचा पहिला सदस्य देश. हर्गेसात लोक रस्त्यावर आले. सोमालिया, इजिप्त, तुर्कस्तान, आफ्रिकी संघ सगळ्यांनी निषेध केला. गाझानंतर स्वतः एकाकी पडत चाललेल्या इस्रायलने हा हात पुढे केला, आणि मुसलमान असलेल्या हर्गेसाने तो धरला. इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. इतकी वर्षं दार ठोठावणाऱ्याने कोणी उघडलं ते पाहत बसावं, असं दुरून सांगण्याचा अधिकार मला नाही. पण वर जी कसोटी मी १९७६ ला लावली, ती २०२५ ला गुंडाळून ठेवता येत नाही. गाझातल्या माणसांचा हिशेब या मैत्रीच्या कागदांत कुठेच नाही, आणि मला तो तिथे हवा आहे.

पुढचं कोडं तैवानच्या वाट्याचं आहे. समजा आणखी देश पुढे आले, सोमालीलँड उद्या संयुक्त राष्ट्रांच्या दाराशी पोचलं. आत जायला सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, आणि तिथे चीनकडे नकाराधिकार आहे. ती शिफारस मिळण्याची किंमत काय असेल, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नाही. एक पाटी उतरवायची. हर्गेसाच्या राज्यकर्त्यांनी २०२० मध्ये ती लावून घेतली तेव्हाही सुरक्षा परिषदेत चीन होताच, नकाराधिकार होताच, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.